कोदोची झिंग

आमच्या आहार-पाहणीच्या पथकातलं कुणी भेटलं की एका किश्श्यावर भागत नाही. एक काढला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. चहा निवून जातो, घरचे जांभया देतात, पण आम्हाला आवरेल तर शपथ!

पन्नास सालानंतरची गोष्ट. चांदा जिल्ह्यात, भामरागडच्या वाटेवरल्या एका गावात पोरं जेवली की झिंगल्यासारखी डुलायची. गाव म्हणे, कोदो लागला. कापणीत भिजलेल्या कोदोला, म्हणजे हरकाच्या दाण्याला, बुरशी धरते आणि तो खाल्ला की झिंग येते, हे आमच्या डॉक्टर गोऱ्यांना ठाऊक होतं. पण तो कुणाच्या घरचा आणि पोरांच्या पोटात किती जातो, ते मोजायचं होतं. तेही पावसाच्या आत! एकदा रस्ता बंद झाला की कणगीत उरलंय तेच पोरं खाणार. जीप रहमानभाईंकडे आणि ताजवा माझ्याकडे.

*

पहिल्याच घरी मी पोराचं ताट ताजव्यात ठेवलं आणि आजीबाई खवळली. लेकराचा घास कोणी तोलते का, नजर लागते! डॉक्टरांनी शास्त्र समजावलं, मी हात जोडले. शेवटी तिनं मीठ-मिरच्या आणल्या, पोराची दृष्ट काढली, मग ताजव्याची काढली, आणि राहिलेल्या मिरच्यांनी डॉक्टरांचीही! मिरच्या चुलीत गेल्या तशी आम्ही सगळे खोकत अंगणात. त्या दिवशी मोजमाप काही झालं नाही.

*

दुसऱ्या दिवशी घरोघर पांढराशुभ्र भात. डॉक्टर खूश! कोदोचा पत्ताच नाही. चौथ्या घरी भात थंडगार निघाला, तेव्हा रहमानभाई कानाशी लागले, "साहेब, ही पितळी मी तिसऱ्यांदा पाहून राह्यलो." मागच्या बोळातून एकाच घरचा भात आमच्या पुढे पुढे पळत होता! साहेब लोकांसमोर कोदो कसा काढायचा, म्हणून सगळ्या आळीनं मिळून अब्रू राखली होती.

*

मग डॉक्टरांनी पारावर सांगितलं, खराब दाणा असेल तो आणून दाखवा. कोण आणतंय? आमच्या घरी खराब दाणा कसा असन, म्हणत जो तो घराकडे. पाटील हसले. म्हणाले, असं नाही विचारत. आणि त्यांनी नुसती हाळी दिली, "व्याह्याले वाढणार नाई, ते आणा!"

सूर्य मावळायच्या आत पार टोपल्यांनी भरला. डॉक्टरांना कुठं ठेवू आणि कुठं नको झालं!

*

पण खरी मजा रखमाबाईच्या घरची. तिची लेक सुनी दोनदा डुलून पडली होती. घरात कोदोच्या दोन कणग्या, एक वरच्या वावरातली, एक खालच्या. दोन्हींतला दाणा दिसायला सारखा. दोन्ही फेकाव्या तर पावसाळाभर खायचं काय? बाईच्या डोळ्याला पाणी आलं.

डॉक्टरांनी बाजारातून दोन कोंबडे आणले आणि दोन खुंट्यांना बांधले. एकाला या कणगीतलं घाल, दुसऱ्याला त्या कणगीतलं, आम्ही उद्या येऊन पाहतो, असं बजावून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर रखमाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडले, ताटं वाढली. झणझणीत रस्सा! डॉक्टरांनी पहिला घास गिळला आणि त्यांची नजर दाराबाहेर गेली. दोन खुंट्या, कोंबडा एकच.

"बाई, दुसरा कुठं आहे?"

"तुमच्या ताटात."

डॉक्टर ताडकन उभे राहिले. चेहरा पांढरा फटक. कोणता कापला, कोणत्या कणगीतला, एवढंही धड बोलता येईना.

रखमाबाईनं पदर सावरला. "घाबरू नका, डॉक्टरभाऊ. डुलत होता त्याले बांधूनच ठेवलं. धडधाकट होता तो शिजवला. पाहुण्याले खराब कशी वाढीन मी? अन् त्याच्याच कणगीतली पेज सकाळपासून सुनी पिऊन राह्यली, पाहा ना."

चुलीपाशी सुनी वाटी चाटत बसली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, बाहेर डुलणाऱ्या कोंबड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पाटावर बसले.

"बाई," ते म्हणाले, "रस्सा वाढा अजून."