टाचणीवर फिरणारं भूत

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात भूत रोज काढावं लागायचं. विसरलं तर साहेब चिडायचे.

म्हणजे असं, की लोखंडी सांगाड्याचं ड्रॉइंग काढताना वेल्डिंगने पक्के जोडलेले, न हलणारे भाग सलग रेषेत काढायचे. पण त्याच सांगाड्यात एखादं दार किंवा झडप हलणारी असली, तर ती एकाच कागदावर दोनदा यायची. बंद असताना जिथे असते तिथे सलग रेषेत, आणि उघडल्यावर जिथे जाऊन थांबते तिथे तुटक रेषेत. त्या तुटक आकाराला पुस्तकात काही भारदस्त नाव असेल. आमच्याकडे त्याला भूत म्हणत. "झडप झाली ना बाई? मग भूत काढा," हे साहेब इतक्या सहज म्हणत की नव्या माणसाला वाटावं, चहाच मागताहेत.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना. ड्रॉइंगसाठी संगणक वापरतात हे आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं. साहेबांनी पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं, हे माझं काम; त्यावरून शेडसाठी प्रिंट निघायचं. नागपूरहून रोज बसने जायचे. ऑफिसात मी एकटीच बाई, आणि राग कायम नाकावर, त्यामुळे कोणी वाटेला जात नसे.

माझा मोठा भाऊ तिथेच खालच्या शेडमध्ये वेल्डर होता. आम्ही मूळचे विणकर. वडील गेले, घरातला माग बंद पडला, तेव्हा दादाने धोटा ठेवला आणि वेल्डिंगचा होल्डर धरला. आई आणि मी, आमचं सगळं घर त्याच्या त्या उजव्या हातावर चालायचं. मला ट्रेसिंगच्या क्लासला त्यानेच घातलं होतं. त्याचा हात इतका स्थिर की वेल्डिंगची रेघ आईच्या शिलाईहून सरळ यायची. त्या हाताचा मला फार अभिमान वाटे. आई तर मीठमोहऱ्या ओवाळून टाकताना त्याच्या डोक्याआधी हातावरून ओवाळायची.

मग एक गंमत झाली. एका नव्या वेल्डरने पत्र्याच्या पेटीचं ड्रॉइंग नेलं. त्याने बंद दार तर बसवलंच, शिवाय तुटक रेषा बघून दुसरं दार कापलं आणि तेही उघड्या अवस्थेत पक्कं जोडून टाकलं. पेटीला दोन दारं, त्यातलं एक हवेत कायमचं उघडं.

"अबे, यानं तं भुतालेच वेल्डिंग मारलं!" दादा ओरडला आणि सगळी शेड हसून बेजार झाली.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी हुकूम काढला की यापुढे शेडमध्ये जाणाऱ्या एकाही प्रिंटवर भूत दिसता कामा नये. हलणारा भाग तिथे फक्त बंद दाखवायचा. भुतं वेगळ्या ट्रेसिंगवर काढायची आणि ऑफिसातच ठेवायची.

ती भुतं माझ्या ताब्यात आली. सांगाड्याचं ड्रॉइंग खाली पसरायचं, त्यावर झडपेचं ट्रेसिंग ठेवायचं, बिजागरीच्या बरोबर मध्यावर टाचणी टोचायची आणि वरचा कागद बोटाने हळूहळू फिरवायचा. झडप कुठे जाते, कुठे अडते, कशाला घासते, सगळं कळायचं. लोखंड अजून कापलेलंही नसायचं, आणि माझ्या बोटाखाली ते आवाज न करता फिरत असायचं. दुपारी बाकीचे जेवायला गेले की मी एकटीच ते फिरवत बसे. कधीकधी वाटे, मी फिरवत नाही, नुसतं बोट ठेवलंय. मग उगाच पदर सावरून उठायचे आणि माठातलं पाणी पिऊन यायचे.

त्या उन्हाळ्यात कोळसा वरून ओतून खालून सोडायच्या मोठ्या हॉपरचं काम आलं. वर रुंद, खाली निमुळता, आणि तोंडाशी एक जड झडप. बाजूला छोटी खिडकी ठेवली होती. तिच्यातून हात आत घालून आतलं वेल्डिंग करायचं आणि शेवटी खिडकी बुजवायची. मी टाचणीवर झडप फिरवली आणि खिडकीपाशी बोट थांबवलं. उघडताना झडपेची कड त्या खिडकीवरून अगदी घासून जात होती. कात्रीचं पातं जातं तशी.

मी साहेबांकडे गेले. "साहेब, ह्या एका प्रिंटवर तरी भूत दाखवू या."

"बाई, तोवर झडप साखळीने बांधलेली असते. नियम एकदा केला की केला."

मी वाद घातला. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे बोलणं संपलं. मग मी शेडमध्ये जाऊन दादालाच सांगितलं. तो डोळ्यांवरची वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून हसला.

"काहून घाबरते वं? तुझं भूत कागदावरचं. ते मले नाही खात."

"दादा, ऐक न गा. साखळी पाहिल्याबिगर हात घालू नको."

"पाहतो न. जा तू, साहेब बोंबलंल."

दादाने तो हॉपर हाती घेतला त्या दिवशी भर दुपारी मी वर एकटी होते. कूलरचा वारा थेट टेबलावर यायचा आणि वाळ्याच्या वासाने डोळे जड होत. समोरचं ट्रेसिंग मी झडप बंद करून ठेवलं होतं. बघते तर कागद टाचणीभोवती फिरून बरोबर खिडकीवर जाऊन थांबलेला. वाऱ्याने, दुसरं काय. मी तो मागे सारला. परत वळून पाहिलं तर पुन्हा तिथेच. टोकाला गेला नव्हता, अलीकडेही थांबला नव्हता, नेमका खिडकीवर.  आणि तेव्हा लक्षात आलं, की खालून येणारा वेल्डिंगचा चरचर आवाज बंद झालाय. मग ओरडणं ऐकू आलं.

झडपेची साखळी कोणीतरी दुसऱ्या कामाला सोडून नेली होती, आणि सुटलेली झडप खिडकीतल्या दादाच्या हातावरून फिरली होती. दादाने हात घालताना ती जागेवर होती, त्याने पाहिली होती. पण नेणाऱ्याने प्रिंट पाहिलं होतं, आणि प्रिंटवर झडप बंद होती. ती हलते हे त्याला कोण सांगणार?

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांना हात कोपराच्या वरून काढावा लागला. साहेब भेटायला आले तेव्हा मी त्यांच्या तोंडावर बोलले, "तुमच्या नियमाने माझ्या भावाचा हात नेला." आई मला दटावत होती. मला आजही त्या बोलण्याचा पश्चात्ताप नाही.

खरं भूत घरी आल्यावर सुरू झालं. जखम भरली, पण दादा रात्रंदिवस तळमळायचा. दुखायचा तो नसलेला हात.

"मूठ आवळून राहिली," तो म्हणे. "होल्डर सुटून नाही राहिला. नखं रुतून राहिली तळव्यात."

आई रोज उतारा टाकायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं, जाईल हळूहळू. जात नव्हतं. दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि जिथे काहीच नव्हतं तिथली चादर डाव्या हाताने चाचपायचा. माझ्या त्या हसऱ्या भावाला असं बघवत नव्हतं.

एके दिवशी तो मला म्हणाला, "तुले भुतं काढता येते न? मंग हे काढ. कुठं हाय ते मी सांगतो."

मी ड्रॉइंग बोर्ड जमिनीवर ठेवला. त्याचा खांदा आणि उरलेला दंड सलग रेषेत काढला. पुढचा हात वेगळ्या ट्रेसिंगवर, तुटक रेषेत. तो सांगत गेला. मनगट आत वळलेलं, अंगठा बोटांवर, कोपर अर्धवट दुमडलेलं. काढून झालं तेव्हा मला दिसलं, की तो हात अजून त्या खिडकीतच होता.

मी कोपरावर टाचणी टोचली आणि कागद हळूहळू फिरवू लागले. दादा डोळे फाडून बघत होता.

"हळू. हळू वं. हां… येऊन राहिला बाहेर."

कोपर सरळ झालं. मग मी उघड्या पंजाचं दुसरं ट्रेसिंग काढून मुठीच्या जागी ठेवलं. दादाने एवढा मोठा श्वास सोडला की आई स्वयंपाकघरातून धावत आली. त्या रात्री तो झोपला. पुढे दुखायला लागलं की मी बोर्ड घेऊन बसायचे आणि हात बाहेर काढायचे. साहेब जे म्हणतील ते म्हणोत, माझं शिक्षण मला इथे उपयोगी पडलं.

पुढचा उन्हाळा आला. एका दुपारी मी नेहमीप्रमाणे हात सरळ करून दिला. दादा आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. बोर्ड बाहेरच्या खोलीत तसाच राहिला. ऊन मी म्हणत होतं, म्हणून आईने कूलर लावला. मी तांदूळ निवडत बसले होते. वाऱ्याने ट्रेसिंग पेपर फडफडला, टाचणीभोवती जरासा फिरला, थांबला आणि पुन्हा फिरला. मी नुसती बघत होते.

तेवढ्यात आतून दादाचा आवाज आला. झोपेतला, घाबरलेला.

"कोण वं? कोण माझा हात ओढून राहिलं?"

मी उठले आणि कूलर बंद केला. टाचणी काढायला हात पुढे केला, पण काढली तर तो हात कुठे जाईल ते मला कळेना. कागदावर तळवा ठेवून मी तशीच बसून राहिले.  त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कूलर पुन्हा लावला नाही.