दोनच्या वेळी टाच दुखली नाही

अशा गूढ अनुभवांच्या सदरांतले किस्से मी जेवताना नवऱ्याला वाचून दाखवते आणि आम्ही दोघं हसतो. सोळा वर्षं नर्स आहे मी. दृष्ट, बाधा, अंगात येणं, सगळं ड्युटीवर बघितलंय, आणि बहुतेकांना सलाइननेच उतार पडलाय. तरी आज मीच लिहायला बसलेय... भीती नाही वाटत, लाज वाटतेय.

राहायला मी जुळे सोलापूरला. शहरातल्याच एका हॉस्पिटलात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात काम करते. दोन वर्षांपूर्वी मंद्रूपच्या रेणुकाची मुलगी आमच्याकडे होती. सातव्या महिन्यात झालेली, सव्वा किलोची. अशा बाळांची साखर कधी घसरेल सांगता येत नाही, म्हणून दर तीन तासांनी टाचेला सुई टोचून थेंबभर रक्त तपासायचं. एकदा डावी टाच, एकदा उजवी.

रेणुकाचं सिझेरियन झालेलं, ती वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी दूध द्यायला खाली आली आणि म्हणाली, "सिस्टर, अकराला डाव्या टाचंला टोचलं न्हवं? माजीबी डावीच ठणकली."

"भूल उतरतेय तुझी," मी म्हटलं. वेळा तर सगळ्यांनाच माहीत असतात. पण ती रोज टाच सांगायची आणि बरोबर सांगायची. एकदा मी मुद्दाम क्रम मोडून लागोपाठ उजवीच टोचली, तरी चुकली नाही. मी मात्र स्टाफरूममध्ये लंगडत तिची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

चौथ्या दिवशी, दुपारचे दोन. बाळ शांत झोपलेलं. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी समजावलं होतं – बाळाला सारखं हाताळलं, रडवलं की ताणाची हार्मोन्स वाढतात आणि साखरही हलते, तेव्हा उगाच छळू नका. तेवढं मी सोयीनं लक्षात ठेवलं. पुढचं वाक्य सोडून दिलं: फार कोवळ्या बाळांत हीच हार्मोन्स वेळेला धावून येत नाहीत, साखर गुपचूप उतरते आणि बाळ नुसतं झोपून राहतं. आधीचे आकडे ६२ आणि ५८ होते. मी न टोचताच तक्त्यात ६० लिहिलं आणि डबा उघडला.

अडीचला रेणुका पोट धरून जिना उतरून आली. "सिस्टर, दोनला टोचलं न्हाय का?"

"टोचलं की. साठ आली."

"माजी टाच दुखली न्हाय."

माझा पारा चढला. खोटं पकडलं गेलं की माणूस आधी ओरडतोच. चार बायकांसमोर म्हटलं, "तुझ्या टाचेवर चालतं होय हे हॉस्पिटल? जा वर."

ती हलली नाही. भिंतीला टेकून म्हणाली, "एकडाव बघा की. पाया पडते तुमच्या."

तिचं तोंड बंद करायला म्हणून मी आत गेले, दार लावलं. दाराची काच दुधी, बाहेरून काही दिसत नाही. उजव्या टाचेला टोचलं. बाळ रडलंच नाही. त्याच क्षणी बाहेरून रेणुकाचा आवाज आला – "आई गं."

मीटरवर २६. इतकी खाली राहिली तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज दिलं, तासाभरात आकडा वर आला. दारात उभ्या रेणुकाला धीर देऊन डॉक्टरांनी मला विचारलं, "दोनला साठ होती ना? अर्ध्या तासात एवढी उतरली?"

"हो सर."

रेणुका माझ्याकडे बघत होती.

घरी जायच्या दिवशी तिनं मला शेंगाचटणीची पुडी दिली आणि सासूला सांगितलं, "ह्या सिस्टरमुळं वाचली बगा." माझी मान वर झाली नाही. ती चटणी मला खाववली नाही, टाकवलीही नाही.

मुलगी आता घरभर पळते. तपासणीला आली की ठीक असते, तरी डॉक्टर फाइल उघडतात तेव्हा मी कामाचं निमित्त काढून बाहेर जाते. रेणुकाची टाच म्हणे घरी गेल्यापासून एकदाही दुखली नाही.

त्या टाचेचं कोडं मला आजही उलगडलेलं नाही. त्या साठचं मात्र सगळं ठाऊक आहे, आणि तेच मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.