लाओसमध्ये आपलं कोणी नाही

बाई गेल्या, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. तेही लाओसवरून! मारेगावजवळच्या एका खेड्यात दोन जावा परदेशावरून भांडतात, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी म्हणत होते, कापसाची वेचणी होऊ द्या, मग जाऊ. त्या म्हणाल्या, "कापूस तं दरसालच फुटते, रेखा. आपले गुडघे दरसाल असेच राहनार हायेत काय?" मी तणतणत घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या छातीत कळ आली... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. वेचणी अजून सुरूच आहे.

कुसुमबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा वेचणीची ओटी कमरेला कशी बांधायची इथपासून सासूबाईंपुढे कधी गप्प बसायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी पुण्याहून आली आणि पाठीवर घ्यायची आपली जुनी मोठी बॅग घरी टाकून गेली. अशी एकच बॅग घेऊन पोरी आठवडाभर परदेशात हिंडतात, मिळेल तिथं राहतात, हे ऐकून बाई म्हणाल्या, "आपन जल्मभर डोक्शावर वाह्यलं. आता पाठीवर घेऊन पाहू." मला वाटलं थट्टा करताहेत. कसली थट्टा! दोघींचे पासपोर्ट काढूनच थांबल्या.

मग देश निवडणं सुरू झालं. संध्याकाळी ओसरीवर वाती वळता वळता एकेक देश निघायचा आणि बाद व्हायचा. बाईंची अट एकच, तिथं आपल्याकडचं कोणी गेलेलं नको. थायलंड? "छ्या! खत-बियाण्याचे सारे दुकानदार कंपनीच्या खर्चानं तिथंच तं जातेत." दुबईत राजूरचा भाचा. नेपाळला अख्खं भजनी मंडळ जाऊन आलेलं. शेवटी मी वैतागले. "बाई, काहून एवढे नखरे? ओळखीचं मानूस असलं तं बरंच हाये ना!"

त्यांनी हातातली वात खाली ठेवली. "अठराव्या वर्षापासून मी याची सून, त्याची बायको, तिची माय. कळंबच्या गनपतीले गेली तरी कोनी ना कोनी इचारतेच, अमक्याच्या घरची ना वं तू? एक आठवडा मले कोनाचीच नाही राहाचं."

मीही त्याच घरची सून, पण हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

लाओस त्यांना मुलीनं फोनवर नकाशात दाखवलं. बाईंनी गावात चार-पाच ठिकाणी सहज विचारून पाहिलं, कोणी नावही ऐकलेलं नव्हतं. झालं, ठरलं! त्या दिवसापासून बॅगेत सात किलो तूर भरून त्या रोज शेतापर्यंत चालायला लागल्या. सवय व्हायला पाहिजे म्हणे. वाटेत कोणी विचारलं, कुठं निघाल्या, की खुशाल सांगायच्या, "लाओसले." लोक हसायचे आणि मलाच लाज वाटायची. तेव्हाच हो म्हटलं असतं तर... आता स्वतःचा राग राग येतो.

ती बॅग त्यांच्या स्वयंपाकघरात खुंटीला तशीच लटकलेली होती, तुरीसकट. परवा मी ती उतरवली. तूर डब्यात ओतली, एकाही दाण्याला कीड नव्हती. पट्टे बाईंच्या खांद्याच्या मापाचे, मला जरा सैल होतात. ते मी तसेच ठेवलेत. त्यांच्या मुलीला तिकीट काढायला सांगितलं, पुढच्याच महिन्याचं. वेचणी राहिली तर राहो. घरचे म्हणाले, एकटीच? होय, एकटीच.

फक्त बाई, तुमची अट मी मोडणार आहे, रागावू नका. तिथं कोणी खुणेनं का होईना, विचारलं की तू कोण, तर मी सांगणार, कुसुमबाईंची जाऊ.