हाडाच्या मुठीचा वस्तरा

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर गणपतराव मापाडी कोण म्हणून विचारलं की कुणीही बोट दाखवायचं. अख्खी पेठ त्याला गणपतराव म्हणायची, मी गणपा म्हणायचो, कारण शाळेत एकाच बाकावर बसून आम्ही मार खाल्लेला. दिवसभर गुळाचे रवे तोलणारा माणूस, अंगाला काकवीचा वास, पण गाल बघावा तर तुळतुळीत. माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान समोरच. तो गाल रोज सकाळी माझ्या समोरून जायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

आम्हा दोघांना खूळ एकच, जुने वस्तरे जमवायचं. नव्वदनंतर एड्सची भीती पसरली, सलूनवाल्यांनी ब्लेड बदलायचे वस्तरे घेतले आणि बापजाद्यांचे वस्तरे भंगारात जायला लागले. आम्ही ते उचलत सुटलो. माझे काचेच्या कपाटात मखमलीवर मांडलेले, त्याचे बिस्किटाच्या डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेले. पण तो त्यांनी रोज दाढी करायचा. परसात शेवग्याला आरसा अडकवायचा, खिडकीच्या गजाला चामडी पट्टा बांधून त्यावर पातं घासायचा. चिमणावहिनी वैतागायच्या, "सवती हायत ह्या माझ्या. माझी कधी येवढी निगा राखली न्हाय ह्येनी!" मी मात्र प्लॅस्टिकच्या रेझरनं उरकायचो. उघडं पातं गळ्याला लावायची माझी छाती नव्हती. हे त्याला ठाऊक होतं आणि त्यानं ते चारचौघांत कधी बोलून दाखवलं नाही. मला त्याचाही रागच यायचा.

मलकापुरात पिराजी नावाच्या म्हाताऱ्या नाभिकाकडं हाडाच्या मुठीचा जर्मन वस्तरा आहे, ही बातमी मीच काढली होती. गुपचूप एकट्यानं जायला हवं होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. गणपाला बोललो आणि तोही एस्टीत शेजारी येऊन बसला.

पिराजीचे हात कापत होते. दुकान पुतण्या बघायचा, म्हातारा नुसता बाकड्यावर बसून असायचा. त्यानं वस्तरा काढून दाखवला आणि मला वेड लागायची पाळी आली. मूठ दुधासारखी पांढरी, पात्यावर डाग नाही. मी भाव सांगत सुटलो. गणपा वस्तऱ्याकडं बघतच नव्हता, तो म्हाताऱ्याच्या वाढलेल्या दाढीकडं बघत होता.

"पिराजीअण्णा, तुमची दाढी कोण करतंय?"

"कोण करणार? पुतण्याला येळ न्हाय, आन् माझा हात ऱ्हात न्हाय."

गणपानं बाह्या सारल्या, साबणाचा फेस केला आणि त्याच वस्तऱ्यानं म्हाताऱ्याची दाढी केली. म्हातारा डोळे मिटून बसला होता. झाल्यावर त्यानं गालावरून हात फिरवला, वस्तरा पुसला आणि फळीवर ठेवला. धारेची वस्तू आपल्याकडं कुणी कुणाच्या हातात देत नाही, भांडण लागतं म्हणतात. देणाऱ्यानं खाली ठेवायची, घेणाऱ्यानं उचलायची. मला वाटलं माझा भाव पटला. मी हात पुढं केला.

"तुमी न्हाय, पावणं. ह्येनी उचलायचा."

परतताना मी एस्टीच्या खिडकीबाहेर तोंड करून बसलो. गणपा म्हणाला, "भाऊसो, कवाबी येऊन बघ की." बघ म्हणे! आधीच जळत होतो, त्यात हे तेल. पुढं कितीतरी वर्षं मी त्याच्या घराची पायरी चढलो नाही.

दोन हजार चार साली गणपाला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. मग जावंच लागलं. त्या तुळतुळीत गालावर पांढरे खुंट उगवले होते.

"कुणालाबी हात लावू देत न्हाईत," चिमणावहिनी म्हणाल्या. "भाऊसोला बोलवा, म्हणत्यात."

बिस्किटाचा डबा उशाशीच होता. मी तयार झालो तो वस्तऱ्यासाठी, दुसरं काही मनात नव्हतं. पहिल्या दिवशी गणपाला दोन जागी कापलं, वर तुरटी फिरवली. तो वाकड्या तोंडानं हसला. हळूहळू हात बसला. रोज दुकान उघडायच्या आधी जायचो, आणि रोज वस्तरा पुसून डब्यात ठेवताना माझी बोटं मुठीवर रेंगाळायची. गणपा ते बघत पडलेला असायचा.

एका सकाळी दाढी झाली, मी वस्तरा मिटून डब्यात ठेवला. गणपानं डाव्या हातानं तो पुन्हा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"ने. तुझा."

इतकी वर्षं जळलो ते ह्याच्याचसाठी, तरी माझा हात पुढं होईना. "अरं, हातात काय देतोस? खाली ठेव. भांडान लागंल."

"लागू दे की." शब्द अडखळत होते, पण डोळ्यांत शाळेतली खोडी होती. "वस्तरा गावल्यावर तू कशाला येतोस हिकडं? भांडायला तरी येशील."

मी तो हातातच घेतला. घरी नेऊन दिव्याखाली उलटापालटा करून बघितला, कुठं एक खोट सापडली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तोच वस्तरा खिशात घालून गेलो आणि दारातूनच ओरडलो, "गणप्या, मुठीला चीर हाय की रं ह्याच्या! फसीवलंस मला!"