विलायती की अमेरिकन

माझ्या वडिलांना, आबांना, घड्याळ कुठलंही चालायचं, चप्पल कुठलीही चालायची. रिव्हॉल्वर मात्र एकाच विलायती कंपनीचं लागायचं. त्यांच्याकडे तशी तीन होती, तिन्ही परवान्यावरची. एक आजोबांकडून वारशाने आलेलं. बाकीची दोन त्यांनी धायरीतली थोडी जमीन विकल्यावर घेतली. तेव्हा आमच्याकडे हातात पैसा खेळू लागला की लोक कमरेला हत्यार लावून लग्नाकार्यात मिरवत. आबांनी ते कधी केलं नाही. रविवारी सकाळी टेबलावर जुनं धोतर अंथरून तिन्ही पुसायची, तेल द्यायचं, परत कपाटात ठेवायची, एवढाच त्यांचा शौक.

त्या वेळेला शनिवार पेठेतून वकीलकाका येत. आबांचे जमिनीचे खटले त्यांनीच चालवले होते, मैत्री त्यातूनच झालेली. काकांकडेही तीन रिव्हॉल्वर होती, पण सगळी अमेरिकन. आबांचं रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडायचं. काकांच्या रिव्हॉल्वरमधलं गोळ्यांचं चक्र बाजूला सरकायचं. एवढ्या फरकावर दोघं दुपारपर्यंत भांडत.

"मधे मोडतं त्याला हत्यार म्हणत नाहीत, आबासाहेब. अडकित्ता म्हणतात," काका चहा ओतता ओतता म्हणत.

"तुमचं लई चकचकीत हाय. वरातीला बरं," आबा म्हणत.

मग नियम आला, एका माणसाला दोनच हत्यारं. तिसरं जमा करायचं. आजोबांच्या रिव्हॉल्वरचा चाप ढिला झाला होता, मूठ तडकली होती. काका म्हणाले, तेच द्या, त्यात डोकं काय चालवायचं. आबांनी ते ठेवलं आणि त्यांच्याकडचं सगळ्यात देखणं रिव्हॉल्वर देऊन आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. काकाही आपलं एक जमा करून आले आणि त्या रविवारी पहिल्यांदाच दोघं फारसं बोलले नाहीत.

पुढे काकांचं येणं कमी झालं. एकदा ते सिंहगड रस्त्यावर स्कूटर थांबवून, कुणाकडे निघालोय हेच आठवत नाही म्हणून उभे राहिले. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. मुलाने त्यांची उरलेली दोन्ही रिव्हॉल्वर जमा केली. काकूंचा मला फोन आला, "आबांना एकदा घेऊन येतेस का? बघू, ओळखतात का."

मी आबांना घेऊन गेले. काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते, दाढी नीट केलेली. "या, बसा. आपण कुठून आलात?" त्यांनी अगदी आदराने विचारलं.

काकूंनी सांगितलं, धायरीचे आबासाहेब. काकांनी नुसती मान हलवली. आबांनी विचारलं, "अमेरिकन मालाची आठवण येती का न्हाई?"

"अमेरिकन? छे. मी जन्मभर विलायतीच वापरलं. मधोमध मोडणारं. दुसऱ्याला हात लावला नाही."

मला वाटलं, आबा हसतील. ते खुर्ची पुढे ओढून बसले. "न्हाई हो, वकीलसाहेब. तुमचं अमेरिकन व्हतं. पोलाद चांगलं, बांधणी घट्ट. आमचं तुम्हाला कधी आवडलंच न्हाई. अडकित्ता म्हणायचा तुम्ही."

"आपला काहीतरी गैरसमज होतोय."

आबा ऐकेनात. काकांनी इतकी वर्षं त्यांना ऐकवलेला एकेक मुद्दा ते आता काकांनाच समजावून सांगत होते, आवाज चढवून. काकू उठून आत गेल्या. शेवटी काकांनी डोळे मिटले. "आपण फार वाद घालता," ते म्हणाले. "मला दमायला होतं."

परतताना घर जवळ आल्यावर आबा म्हणाले, "माझं खरं म्हणाला बघ तो. आता काय करू त्याचं?"

त्यानंतर त्यांनी रविवारी कपाट उघडलं नाही. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा मला म्हणाले, चल, देऊन टाकू. पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "घरात कोणाच्या नावावर करायची नाहीत का?" आबांनी नाही म्हटलं. आजोबांचं देताना तडकलेल्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला, एवढंच.

आता ते माझ्याकडे कात्रजला असतात. काकांना भेटायला पुन्हा गेले नाहीत, मीही आग्रह केला नाही. काकूंना मी फोन करते. त्या म्हणतात, हल्ली ते कुठल्याच कंपनीचं नाव घेत नाहीत.