शिकलेल्या माशांचा मामा

माझा मामा तळं सांभाळायचा. म्हणजे तळं मालकाचं, मासे मालकाचे आणि शिव्या मामाच्या. तळ्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस असा एकाच कुळातला सगळा गोतावळा होता आणि मामा त्यांची ओळख सोयऱ्यांसारखी करून द्यायचा. "हा कटला. डोकं एवढं मोठं, आत काही नाही. मालकाच्या वळणावर गेलाय. यांना तोंडात दात नसतात, घशात असतात. तुझ्या मामीला दोन्हीकडे आहेत."

"आणि तुम्हाला कुठेच नाहीत," मामी काठावरच्या खोपटातून म्हणायची. मामाची कवळी बहुधा खिशातच असायची.

सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून गळवाले यायचे. नियम असा की मासा पकडायचा, त्याला छातीशी धरून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. माशाने एवढं काय पाप केलं होतं, ते मला कधी कळलं नाही. सोडण्याआधी मामा त्याच्या ओठाच्या जखमेवर औषध लावायचा, तेही करवादत. "अरे गाढवा, कणकेची गोळी आयती पाण्यात लटकते का कधी? अक्कल वापर जरा!"

माशांनी त्याचं ऐकलं. ही जात एकदा गळाला लागली की सहजी पुन्हा फसत नाही, आणि आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक मासा फोटो काढून आलेला. गळवाले दिवसभर बसून कंबर धरून रिकाम्या हाताने घरी जाऊ लागले. तिकिटं खपेनात. शेवटी मालक म्हणाला, "येत्या रविवारी स्पर्धा ठेवलीय. तेव्हाही मासे लागले नाहीत तर तळं बुजवतो. गाड्या लावायला जागा होईल."

मामाची झोप उडाली. नोकरीचं त्याला फारसं काही नव्हतं, रिकामं बसण्यात तो तरबेज होता. पण तळं बुजणार म्हणजे मासे मरणार.

स्पर्धेच्या दिवशी दुपार झाली तरी एकही दोरी हलली नाही. मालक तोंड पाडून फिरत होता. तेव्हा मामा उठला, खाद्याचा डबा घेऊन काठावर गेला आणि रोजच्यासारखा चमच्याने वाजवला. त्या आवाजावर अख्खं तळं जेवायला येतं, हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं. मामाने गळांच्या मधोमध खाद्य टाकलं. मामा घालतोय म्हटल्यावर माशांनी बिनधास्त तोंडं उघडली आणि दोऱ्या ताणल्या. गळवाले नाचले. मालक इतका खूश झाला की त्याने तळं तर ठेवलंच, वर पुढच्या आठवड्यात नवी, अडाणी मासळी आणून सोडतो म्हणाला. मामा संध्याकाळपर्यंत खाली मान घालून औषध लावत होता. एकालाही शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने डबा वाजवला. पाणी ढिम्म. त्यानंतरही रोज तेच. मामाची सावली पडली तरी मासे खोल जायचे. मग मामीने डबा हिसकावला, त्याला खोपटामागे बसवलं आणि न वाजवता मुठीने खाद्य टाकलं. हळूहळू पाणी हललं.

"आले का गं?" मागून मामाने विचारलं.

"आले. तुमच्याकडेही येतील. विसरतील थोड्या दिवसांनी."

"विसरू नये मेल्यांनी," मामा म्हणाला, आणि तळ्याकडे पाठ करून रडला.