डोळे रंगवणारे मामा

"वर बघ बाय, वर," म्हणत मामा समोरच्याची खालची पापणी अंगठ्याने अलगद ओढायचे आणि पांढऱ्या भागावरच्या लाल शिरा न्याहाळत बसायचे. ओळख असो वा नसो, यातून कुणी सुटत नसे. माझ्या शिरा तर त्यांना पाठच होत्या.

वसईतल्या ज्या नेत्रालयात मी नर्स होते, तिथे मामा कृत्रिम डोळे बनवायचे. मूळचे उमेळ्याचे. अर्धं आयुष्य चर्चमधल्या संतांच्या मूर्ती रंगवण्यात गेलेलं, त्यामुळे सुरुवातीलाच घोळ झाला. पहिला डोळा त्यांनी केला तो पांढराशुभ्र, किंचित वर पाहणारा. ज्या रिक्षावाल्यासाठी केला, तो आरशात बघून कळवळला, "मामा, या डोळ्याने मी पॅसेंजरशी भांडू कसा?"

तेव्हापासून मामा लाल रेशमाचे तंतू सोडवून डोळ्यावर शिरा बसवू लागले. "मानूस धूळ खातो, जागतो. त्याचा डोळा मूर्तीसारखा कसा असनार?"

मग ती आली. नालासोपाऱ्याची, बालवाडीत शिकवणारी. वरातीतल्या फटाक्याने डावा डोळा गेला होता. तिच्या काळ्या चष्म्याला मुलं घाबरत, म्हणून शाळेने तिचा वर्ग काढून घेऊन तिला ऑफिसात बसवलं होतं.

"मामा, मला माझी मुलं परत हवीत," ती म्हणाली. बाकी काही नाही.

मामांनी खोबण तपासली, पापण्या उघडझाप करायला लावल्या. मग तिला खिडकीशी बसवून उजवं बुबुळ बघत राहिले. तुम्ही-आम्ही ज्याला तपकिरी म्हणून मोकळे होतो, त्यात मामांना मधाचा रंग दिसला, कडेला राखाडी वर्तुळ दिसलं. दोन डोळे त्यांनी स्वतःच नापास केले. मला तर त्यांत खोट दिसत नव्हती. मी वैतागलेच, पण मामा ढिम्म.

तिसरा बसवला त्या दिवशी आमच्याकडे एक तरुण डॉक्टर नुकतीच रुजू झाली होती. मामा साळसूदपणे तिला म्हणाले, "डॉक्टर, या बाईंच्या डोळ्यात काय खुपतंय बघा ना."

डॉक्टरने उजव्या डोळ्यावर बॅटरी मारली. बाहुली झटकन लहान झाली. मग डाव्यावर मारली. पुन्हा मारली. आणखी जवळून मारली. तिचा चेहरा उतरला.

"सिस्टर, बाहुली हलत नाहीये! मोठ्या डॉक्टरांना बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

"हलनार कशी?" मामांनी टेबलावर थाप मारली. "कालच रंगवलीय मी!"

डॉक्टर आधी लाजली, मग आमच्यापेक्षा मोठ्याने हसली. बाईंनी मात्र काळा चष्मा उचलला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. पुढच्या सोमवारी त्या आपल्या वर्गात उभ्या होत्या.

मामा गेल्या वर्षी गेले. मातीला बाई आल्या होत्या, माझ्यापासून चार हातांवर. अश्रूंची ग्रंथी असते वर, भुवईच्या हाडाआड. डोळा गेला तरी त्यांची ती शाबूत होती. शेजारच्या एका म्हातारीने मला कोपराने ढोसलं.

"कोन गं ती? रडून रडून दोन्ही डोळे सुजवून घेतलेत बिचारीने."

दोन्ही! मी चटकन मामांना सांगायला वळले.